आधी कोण हसलं

विनोदी कार्यक्रमाला गेल्यावर परब मंचाकडे बघत नसे. गणपतीचा मांडव असो, शाळेचं पटांगण असो की लग्नाचा हॉल, तो बाजूच्या खांबाला टेकून, प्रेक्षकांकडे तोंड करून उभा राहायचा आणि हसणाऱ्या माणसांचे चेहरे निरखायचा. भांडुपच्या एका मंडळाच्या कार्यकर्त्यांनी एकदा त्याला पाकीटमार समजून मांडवाबाहेर काढलं होतं. ही हकीकत मला सांगताना त्याच्या आवाजात राग नव्हता. कार्यकर्त्यांचं निरीक्षण बरं आहे, फक्त निदान चुकलं, एवढीच त्याची तक्रार होती. "विनोद बघायचा नसतो, पाटणकर," तो म्हणाला. "तो कानाने कळतो. बघायचा तो माणूस. आधी कोण हसतो आणि कुणाचं तोंड बघून हसतो, एवढं कळलं की त्या गावचा पाटील कोण, हे विचारावं लागत नाही."

दत्ताराम परब मरोळच्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या कंपनीत इन्स्पेक्शन खात्यात होता. आम्ही पाण्याचे पंप बनवायचो. म्हणजे कामगार बनवायचे. मी टाइम ऑफिसात बसून ते किती वाजता बनवायला आले याची नोंद ठेवायचो. मशीनवरून उतरलेला प्रत्येक भाग परबच्या टेबलावर यायचा. तो त्याला माप लावायचा आणि तीनपैकी एक शब्द उच्चारायचा. पास, रीवर्क किंवा रिजेक्ट. रीवर्क म्हणजे पुन्हा मशीनवर नेऊन दुरुस्त करा, रिजेक्ट म्हणजे भंगारात टाका. अंगाने किडकिडीत, सावळा, मिशी बारीक कातरलेली. वडील गिरणीत होते, संपानंतर कायमचे घरी बसले. भांडुपच्या टेकडीवर दोन खोल्यांत आईवडील, बायको आणि दोन मुली. एरवी मराठी आमच्यासारखंच बोलायचा, पण मनापासून काही सांगायचं असलं की मालवणी बाहेर यायची.

माझी त्याची ओळख एका विनोदावरून झाली. मी अंधेरीचा, वाचनालयाचा सभासद, दोन दिवाळी अंक विकत घेणारा. विनोदी माणूस म्हणून ऑफिसात माझी ख्याती होती, म्हणजे माझ्या हाताखालचे दोघे कारकून मी तोंड उघडलं की हसायचे. एकदा कँटीनमध्ये मी एक विनोद सांगितला. कोणता ते आता आठवत नाही आणि आठवत नाही हे बरंच आहे. दोघे हसले. समोर बसलेल्या परबने चहाचा घोट घेतला आणि शांतपणे म्हटलं, "रिजेक्ट."

मी कारण विचारलं. तो म्हणाला, "हसले ते दोघेच. आणि त्यांची हजेरी तू लावतोस."

त्या दिवसापासून मी त्याच्या टेबलावर जेवायला बसू लागलो. अपमान झाला की माणसाने एकतर शत्रू व्हावं नाहीतर शिष्य. मला शत्रुत्वाची दगदग झेपत नाही.

परब स्वतः कंपनीचा नकलाकार होता. दरवर्षी कंपनीच्या आवारात सत्यनारायणाची पूजा व्हायची आणि प्रसाद झाल्यावर करमणुकीचा कार्यक्रम. त्यात सोसायटीच्या मीटिंगपासून मासळीबाजारापर्यंत सगळ्यांचे आवाज परब एकटा काढायचा. पण नुसते आवाज काढण्यात त्याला रस नव्हता. लोक का हसतात, हे त्याला शोधून काढायचं होतं, आणि हा शोध तो पंपाचा भाग तपासावा तितक्या गंभीरपणे करायचा. स्वतः मात्र कधी हसायचा नाही. मी त्याबद्दल छेडलं तेव्हा म्हणाला, "मेल्या, हलवाई कधी पेढे खाताना बघलंस?"

त्याची ही आवड बघून मी त्याला मुलुंडच्या एका वाचनालयात व्याख्यानाला घेऊन गेलो. विषय होता विनोदाची मीमांसा. वक्ते प्राध्यापक होते आणि त्यांच्याकडे हातभर टिपणं होती. माणूस का हसतो याची त्यांनी तीन कारणं सांगितली. एक, दुसरा घसरून पडला की आपण उभे आहोत याचा त्याला आनंद होतो. दोन, जिथे जे असायला नको तिथे ते दिसलं की तो चकित होऊन हसतो, याला विसंगती म्हणतात. तीन, मनात जे दाबून ठेवलेलं असतं त्याची वाफ हसण्यावाटे निघून जाते. या तीन कारणांना त्यांनी दीड तास घेतला. समोरच्या रांगेतले एक निवृत्त गृहस्थ दुसऱ्या कारणाच्या सुमाराला झोपले आणि तिसऱ्याला घोरू लागले. शेवटी शंका विचारा म्हटल्यावर परब उभा राहिला. अतिशय नम्रपणे म्हणाला, "सर, तिन्ही कारणं पटली. पण आज दीड तासात इथे एकही माणूस हसला नाही, ते यांपैकी कोणत्या कारणाने?"

सभागृह हसलं. घोरणारे गृहस्थ दचकून जागे झाले आणि काय झालं हे न कळताच तेही हसले. प्राध्यापकांनी चष्मा वर करून परबकडे बघितलं आणि म्हणाले, "हे विसंगतीचं उत्तम उदाहरण," आणि ते टिपून घेतलं. परतताना मी खूश होतो, परबने प्राध्यापकाची चांगली जिरवली म्हणून. परब विचारात होता. बसमध्ये म्हणाला, "माणूस कंटाळवाणा आसा, पण खोटा नाय. तो वाफेचा काय बोललो, ता माका पटला."

त्या वर्षीच्या पूजेला परबने पीटरची नक्कल केली.

पीटर गोन्साल्विस आमच्याकडे लेथवर होता. मरोळ गावठाणातला, घरात पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलणारा ख्रिस्ती माणूस. हात सोन्याचा, पण बोलताना अडखळायचा. नकलेत त्याने पीटरला साहेबाच्या केबिनमध्ये रजा मागायला पाठवला. पीटर 'र' वर अडला, साहेबाने फोन घेतला, चहा घेतला, जेवून आला, दिवाळी गेली, नाताळ आला, तरी पीटर 'र' वरच. लोक खुर्च्यांवरून खाली पडायचे बाकी होते. मीही पोट धरून हसलो. प्राध्यापकांच्या पहिल्या कारणात मी अगदी चपखल बसत होतो. पीटर मागच्या रांगेत बायकोबरोबर बसला होता. तोही हसत होता, निदान लांबून तसं दिसत होतं.

दुसऱ्या दिवसापासून पीटरने कंपनीत बोलणं सोडलं. भांडला नाही, तक्रार केली नाही. फोरमनने काही विचारलं की मान हलवायचा, नाहीतर खिशातून कागदाचा कपटा काढून लिहून द्यायचा. पहिले दोन दिवस लोकांना तीही गंमत वाटली. आठवड्याने वाटेनाशी झाली. तिसऱ्या आठवड्यात पीटरने परबच्या टेबलावर भाग आणून ठेवले, सोबत चिठ्ठी ठेवली, 'बारा नग, तपासून द्यावे', आणि निघून गेला. परबने ती चिठ्ठी वाचली आणि घडी करून खिशात ठेवली. नंतर माझ्याकडे येऊन म्हणाला, "रविवारी माझ्याबरोबर चल. एकट्याने जायचं धैर्य नाही."

आम्ही पीटरच्या घरी गेलो. उतरत्या कौलांचं जुनं घर, ओसरीवर लाकडी बाक. पीटरच्या बायकोने आम्हाला बसायला सांगितलं, सरबत दिलं आणि आत गेली ती बाहेर आली नाही. परबने माफी मागितली. त्याने ती चांगली तयार करून आणली असावी, पण बोलायला लागल्यावर हा आवाजांचा बादशहा स्वतःच्या आवाजात दोनदा अडखळला. पीटरने त्याला मध्ये तोडलं नाही. सगळं ऐकून घेतलं आणि मग तीन आठवड्यांनी आमच्यासमोर पहिल्यांदा बोलला.

"न-नक्कल चांगली होती," पीटर म्हणाला. "प-पण एक चूक केलीस. मला वेळ ल-लागतो, पण मी वाक्य प-पुरं करतो. तू ते अर्धंच स-सोडलंस."

सोमवारी जेवताना त्याने मला आपला नवा नियम सांगितला. ज्याची नक्कल करायची त्याचं वाक्य पुरं करायचं. अर्धं वाक्य म्हणजे चोरी. आणि दुसरं, ज्याला उलटून बोलता येतं त्याचीच करायची. "पीटरची नक्कल करून मी काय मोठा तीर मारला? पंप बनवणाऱ्याची टवाळी पंप बनवणाऱ्यांसमोर. साहेब पहिल्या रांगेत बसून आमचीच टवाळी आम्हाला बघायला लावतो." पीटर पुन्हा बोलू लागला, थोडं थोडं. परबशी जरा जास्तच बोलायचा. त्यातून त्या दोघांची मैत्री कशी झाली हे मला कधी नीट उमगलं नाही.

पुढच्या वर्षी परबने वर्क्स मॅनेजर सबनीससाहेबांची नक्कल केली.

सबनीस मूळचे पुण्याचे. कामगारांशी बोलताना ते खुर्चीत बसत नसत. उभं राहून, हात मागे बांधून, किंचित पुढे वाकून बोलायचे. प्रत्येक भाषणाची सुरुवात "आपण सारे एक कुटुंब आहोत" अशी करायचे आणि शेवट "मी तुमच्यातलाच आहे" असा. या दोन वाक्यांच्या मध्ये बहुधा कुणाचा तरी ओव्हरटाइम बंद झालेला असायचा. परब मंचावर आला, हात मागे बांधले, पुढे वाकला आणि म्हणाला, "आपण सारे एक कुटुंब आहोत." आवाज हुबेहूब. आवारात शांतता पसरली. तीनशे माणसं सबनीसांच्या मानेकडे बघत होती. मान हलेपर्यंत कुणी श्वास घेतला नाही. मग सबनीस हसले. खुर्चीच्या हातावर थाप मारून, मोठ्याने हसले, आणि त्यांच्यामागोमाग सगळं आवार फुटलं.

आम्हाला वाटलं, परबने मैदान मारलं. परब मात्र घाम पुसत माझ्याजवळ येऊन म्हणाला, "वाईट झालं. त्याला आवडलं."

त्याचं म्हणणं खरं ठरलं. सबनीसांना आपली नक्कल इतकी आवडली की ते ती मिरवू लागले. हेड ऑफिसहून कुणी आलं की ते परबला केबिनमध्ये बोलवायचे आणि "परब, जरा मला करून दाखवा" म्हणायचे. पाहुणे सबनीसांच्या मोकळ्या मनाची तारीफ करायचे. ज्याची थट्टा करायला धैर्य लागावं, तो माणूस ती थट्टा ताटात वाढून पाहुण्यांना खिलवू लागला. परबला नाही म्हणता येईना. चहाबिस्कीट खाऊन तो खाली यायचा तेव्हा काही लोक त्याला साहेबाचा पोपट म्हणायचे. मी त्यांत नव्हतो. मी फक्त हसायचो.

एकदा त्याने मला मुलुंडच्या प्राध्यापकांची आठवण करून दिली. "वाफेचा मुद्दा बरोबर होता त्यांचा," तो म्हणाला. "फक्त पुढचं सांगायला विसरले. मी कुकरची शिट्टी आहे, पाटणकर. शिट्टी वाजली की बाई निवांत होते, सगळं ठीक चाललंय म्हणून. पण शिट्टी वाजली म्हणून डाळीची सुटका होत नाही. ती आत शिजतेच."

त्यानंतरचं वर्ष कंपनीला वाईट गेलं. मागणी घटली, गोदामात पंप साठले. पूजा शनिवारी होती. त्याआधीच्या गुरुवारी सबनीसांनी मला केबिनमध्ये बोलावलं, दार लावायला सांगितलं आणि एक यादी हातात दिली. चाळीसेक नावं होती. या लोकांना कामावरून कमी करण्याची नोटीस सोमवारी सकाळी बोर्डावर लागायची होती. मी ती टाइप करून बंद पाकिटात द्यायची आणि कुणाजवळ बोलायचं नाही. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मी विश्वासू माणूस आहे असं सांगितलं. त्या हाताच्या वजनाने मी सुखावलो, हे आज लिहायला हरकत नाही. माझ्यादेखतच त्यांनी परबला बोलावून घेतलं आणि म्हणाले, "परब, यंदा दणकून होऊ द्या. लोकांचा मूड जरा डल आहे."

परबने माझ्याकडे बघितलं. मी यादीवर वर्तमानपत्र ठेवलं.

शनिवारी परब असा रंगला की बस. पाणी तपासणारा महापालिकेचा माणूस, भाडेकरूला घर सोडायला सांगणारी घरमालकीण आणि शेवटी सबनीस. यादीतली चाळीसेक माणसं बायकामुलांना घेऊन आली होती आणि शिऱ्याचा प्रसाद खाऊन डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसत होती. कुणाकुणाची नावं त्यात आहेत हे त्या आवारात दोनच माणसांना ठाऊक होतं. एक सबनीस, ते हसत होते. दुसरा मी.

सोमवारी नोटीस लागली. पहिल्या पाळीचे लोक बोर्डासमोर उभे होते. ज्यांना वाचता येत होतं ते वाचत होते, ज्यांना येत नव्हतं ते वाचणाऱ्यांच्या तोंडाकडे बघत होते. युनियनचा सेक्रेटरी त्या दिवशी नेमका रजेवर होता. अशा लोकांना रजेचा दिवस अचूक निवडता येतो. परबचं नाव यादीत नव्हतं. पीटरचं होतं. परबने दोनदा यादी वाचली, मग बोर्डावरून ती नोटीस सरळ काढून घेतली आणि गेटजवळ पडलेल्या लाकडी खोक्यावर चढला. त्याने हात मागे बांधले, किंचित पुढे वाकला आणि सबनीसांच्या आवाजात म्हणाला, "आपण सारे एक कुटुंब आहोत."

लोक सवयीने हसले. परब थांबला नाही. सबनीसांच्याच आवाजात, त्यांच्याच गोड, पुढे झुकणाऱ्या लयीत त्याने नोटीस पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली. एक अक्षर आपल्या पदरचं घातलं नाही. मग नावं आली. एकेक नाव घेऊन तो थांबायचा. चौथ्या-पाचव्या नावाला हसणं विझलं. सातव्या की आठव्या नावाला गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "हजर." मग पुढचा म्हणाला, "हजर." मग प्रत्येक जण म्हणू लागला. परबने पीटर गोन्साल्विसचं नाव घेतलं. पीटरने तोंड उघडलं आणि अडला. तीनशे माणसं थांबली. कुणी खोकलंसुद्धा नाही. पीटरला जितका वेळ लागायचा होता तितका लागला आणि मग तो म्हणाला, "ह-हजर."

मी हे सगळं टाइम ऑफिसच्या खिडकीतून बघत होतो. सबनीसांची गाडी याच सुमारास गेटवर आली. ते उतरले, आपलाच आवाज त्यांनी ऐकला, आणि तिथेच उभे राहिले. परबने त्यांना बघितलं, तरी वाचणं सोडलं नाही. शेवटच्या नावापर्यंत गेला, खालची सही आणि हुद्दा वाचला, आणि "मी तुमच्यातलाच आहे" म्हणून खोक्यावरून उतरला. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

नोटीस मागे घेतली गेली नाही. कुणी असं समजू नये की विनोदाने नोकऱ्या वाचतात. ती माणसं गेली, पीटरही गेला. पण एक झालं. त्यानंतर सबनीस कामगारांसमोर बोलायला उभे राहिले आणि "आपण सारे" एवढं म्हणाले की मागून कुणीतरी हळूच "हजर" म्हणायचं. सबनीसांचा आवाज त्यांच्याच घशात परका झाला. त्यांनी हात बांधायचं सोडलं, मग उभं राहायचं सोडलं, मग भाषणं सोडली. वर्षाच्या आत त्यांनी बदली मागून घेतली.

परबला आठवड्याभरात आरोपपत्र मिळालं. तेही मीच टाइप केलं. आरोप असा होता की त्याने कंपनीच्या आवारात वरिष्ठांच्या आवाजात भाषण केलं. इतका विनोदी मजकूर मी आयुष्यात दुसरा टाइप केला नाही, आणि तो टाइप करताना मला हसू आलं नाही. चौकशी झाली, जशा होतात तशी झाली, आणि परबला काढून टाकलं.

शेवटच्या दिवशी तो हजेरीचं कार्ड द्यायला माझ्या खिडकीशी आला. मी काहीतरी बोललो, चांगल्या माणसांना जग असंच वागवतं वगैरे. त्याने ते ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुला कधीपासून ठाऊक होतं?"

मी म्हटलं, "गुरुवारपासून."

"आणि शनिवारी तू हसत होतास."

मी समोरचं हजेरीचं रजिस्टर सरळ केलं.

"मी मंचावरून बघत होतो," परब म्हणाला. "सुरुवातीला लोक जरा दबकूनच होते. बाहेर काहीतरी कुजबुज होती. सबनीसच्याही आधी तू हसलास. मला वाटलं, टाइम ऑफिसातला माणूस हसतोय म्हणजे भिण्यासारखं काही नाही. मग मी मोकळा सुटलो." तो खिडकीशी वाकला. "माका एक सांग. हसू येय होता काय तुका? खरोखरचा?"

मी म्हटलं, हो, येत होतं. ते खरं होतं. परबने मान हलवली, कार्ड खिडकीत ठेवलं आणि गेला. तपासणीच्या त्याच्या तीन शब्दांपैकी एकही त्याने उच्चारला नाही.

नंतरची काही वर्षं त्याच्याबद्दल कानावर यायचं. भांडुपला एका छोट्या वर्कशॉपमध्ये लागला होता. पीटरला त्यानेच तिथे चिकटवलं, की पीटरने त्याला, यावर दोन मतं होती. गणपती-नवरात्रात एकपात्री कार्यक्रम करायचा. मोठ्या मंडळांना तो परवडत नसे, कारण तो मंडळाच्या अध्यक्षाची नक्कल अध्यक्षासमोर करायचा आणि दुसऱ्या वर्षी बोलावणं यायचं नाही. दरवर्षी नवं मंडळ शोधावं लागतं, असं तो म्हणायचा म्हणे, आणि मुंबईत मंडळांना तोटा नाही.

बऱ्याच वर्षांनी माझी मेहुणी मुलुंडच्या एका कॉलनीत राहायला गेली. तिथल्या गणपतीला आम्ही गेलो तेव्हा संध्याकाळच्या कार्यक्रमाच्या फळ्यावर परबचं नाव होतं. मला परत फिरावंसं वाटलं. पण माझी बायको सुनंदा म्हणाली, बसू या, हसायला मिळेल. मी तिला परबची नोकरी गेल्याचं पूर्वी सांगितलं होतं, साहेबांशी उद्धटपणा केला म्हणून गेली, एवढंच.

आम्ही मधल्या रांगेत बसलो. परबचे केस पिकले होते, बाकी तो तसाच. मंचावर येऊन तो एका काल्पनिक टाइपरायटरसमोर बसला. त्याने आधी चष्मा काढून पुसला, मग रुमाल पुसला, मग रुमालाची घडी पुसली. हे मी करतो, हे मला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं. सुनंदाने मला कोपर मारलं आणि हसू लागली. मंचावरचा बाबू टाइप करू लागला. लोक एकामागून एक त्याच्याकडे येत होते, भाऊसाहेब, काही खबर? आणि तो प्रत्येकाला म्हणत होता, "माझ्या हातात काय आहे?" खरं तर त्याच्या हातात यादीच होती. सुनंदा कानाशी लागून म्हणाली, "अगं बाई, हे तर घरी तुम्ही म्हणता तसंच." बाबू एका नावापाशी अडला. स्पेलिंग चुकलं होतं. त्याने रबर घेतलं, खोडलं, फुंकर मारली, प्रकाशात कागद धरून बघितला. म्हणाला, "माणूस जातोय तर जातोय, नाव तरी शुद्ध जायला हवं." मांडव खदखदून हसला. सुनंदाच्या डोळ्यांत पाणी आलं. ती माझ्या खांद्यावर डोकं टेकून हसत होती.

परबने मला बघितलं होतं. कार्यक्रम संपल्यावर मी मागच्या बाजूला गेलो. तो चहा पीत होता. त्याने मलाही कप दिला. मी म्हटलं, चांगलं झालं. तो म्हणाला, "तू हसला नाहीस." मी म्हटलं, नाही हसलो. त्याने कप खाली ठेवला.

"त्या शनिवारी हसला नसतास," तो म्हणाला, "तर मी मंचावरून उतरून तुला विचारलं असतं, काय झालं म्हणून. एवढंच हवं होतं." हे बोलताना त्याचा आवाज चढला नाही. मग त्याने मुलं काय करतात ते विचारलं, मीही विचारलं, आणि त्याला पुढच्या मंडळाची माणसं बोलवायला आली. ती आमची शेवटची भेट. तो गेल्याचं मला बऱ्याच उशिरा कळलं.

घरी जायला आम्ही बस धरली. जागा मिळाली. सुनंदा अजून मध्येच आठवून हसत होती. तिने विचारलं, "तो बाबू म्हणजे तुम्हीच का हो?" मी हो म्हटलं. मग गुरुवारपासून सोमवारपर्यंतची सगळी हकीकत मी तिला पहिल्यांदा सांगितली. केबिनचं दार, यादी, वर्तमानपत्र, प्रसादाचा शिरा, पीटर. परबने मंचावर दाखवलं होतं तेच, फक्त पुरं आणि माझ्या आवाजात. ती खिडकीबाहेर बघत ऐकत होती. अंधेरी येईपर्यंत ती एकदाही हसली नाही.